ब्रेकमधले दागिने

ये वो बाई, अशी जवळ येऊन बस. आणि ती बॅग बंद करू नकोस, पाहू दे मला काय काय कोंबलंस ते. आता काय म्हणावं तुला! एवढी शिकलीस, परदेशात नोकरीला चाललीस, आणि तेलानं थबथबलेली लोणच्याची बरणी खांद्यावरच्या पिशवीत? आणि सोनं त्या मोठ्या बॅगेत, जी विमानाच्या पोटात जायची? उलटं केलंस की सारं. तुझ्या बापाचं काय झालं होतं ठाऊक नाही का? विमानतळावरच्या पोरीनं त्याची बरणी उचलली आणि म्हणाली, काका, हे जवळ नेता येणार नाही. तो म्हणाला, मग इथंच खातो. दोन फोडी खाल्ल्याही बिचाऱ्यानं. बाकीचं राहिलं तिथंच. अडकित्ता, सुरी, लोणचं हे खाली पोटात. सोनं, औषधं, कागद आणि ती फोनची बॅटरीची वडी हे आपल्याजवळ. आणि खोबऱ्याच्या वाट्या तर काढूनच टाक, त्या ते लोक पोटातसुद्धा नेऊ देत नाहीत म्हणे, पेट घेतात.

हे सगळं मला काही शाळेत कोणी शिकवलं नाही. अक्षरं मी तुझ्या बापाच्या पाटीवर शिकले, तेही तो झोपल्यावर. पण सामान कुठलं जवळ घ्यायचं आणि कुठलं दूर सोडायचं, हे मी एकदा असं शिकले, की आता तू नुसतं विचारलंस, "आजी, दागिने कुठं ठेवू?" तर माझे कान तापले. हस. कोणीही हसेल. पण ऐक.

तेव्हा आपलं वऱ्हाड मध्यप्रांतात होतं, सरकार नागपूरला बसायचं, आणि लढाईमुळे घासलेटपासून साखरेपर्यंत सगळं कंट्रोलवर मिळायचं. माझं माहेर चांदूर रेल्वेच्या जवळचं. आम्ही मळेवाले. वांगी, मिरच्या, थोडी संत्री आणि शेवंती. माल आई विकायची. बाप मळा सोडून कुठं जात नसे, आणि गेला तरी कोणाशी बोलत नसे. आई मात्र टोपली डोक्यावर घेऊन चांदुरच्या बाजारात, आणि सणावाराला फुलं घेऊन थेट अमरावतीपर्यंत. अमरावतीच्या जकातीच्या नाक्यावर नाकेदार विचारायचा, टोपलीत काय आहे? वरती फुलं आणि खाली दुसरंच काही लपवलेलं सापडलं की त्या बाईची टोपली गेलीच समजायची. म्हणून आईनं एक नेम धरला होता. सरकारचा माणूस टोपी घालून टेबलामागे बसला असेल आणि त्यानं काही विचारलं, तर जे आहे ते सगळं, वरचं-खालचं, आपलं-दुसऱ्याचं, न विचारता सांगून मोकळं व्हायचं. या नेमानं तिची टोपली कधी गेली नाही. गेली ती लाज, आणि ती एकदाच.

माझं लग्न लवकर झालं, पण सासरी नांदायला पाठवायचं ठरलं ते मी जाणती झाल्यावर. सासर अकोल्याचं. न्यायला माझी मावससासू आली. नवऱ्याची सख्खी मावशी, कमी बोलणारी, नजर बारीक. पाठराखीण म्हणून माझ्यासोबत आई येणार होती, पाच दिवस राहून परतणार होती.

आता आईच्या पोटातली गोष्ट सांगते. माझ्या थोरल्या जावेचा गळा म्हणे सोन्यानं भरलेला होता. कोणी सांगितलं देव जाणे, पण आईच्या कानावर ते आलं आणि तिची झोप उडाली. माझ्या अंगावर आमच्या घरची एक बोरमाळ, बस. मग आईनं आमच्या गावात पदर पसरला. पाटलीणबाईंची एकदाणी आणली, मास्तरीणबाईंची पुतळ्यांची माळ आणली, आणि हातात घालायला बाजारातून पितळेचे गोट घेतले, सोन्याचं पाणी चढवलेले. अकोल्याच्या स्टेशनावर उतरताना लेकीचा गळा भरलेला दिसावा, एवढंच. पाच दिवसांनी निघताना ती म्हणणार होती, "पोरगी नवी हाय, नजर लागन, हे मी मायाजवळ सांभाळून ठेवतो." तिनं हे वाक्य मला दोनदा म्हणून दाखवलं होतं.

सामान बांधताना मावससासूबाई ओट्यावर बसून पाहत होत्या. त्यांचा रेल्वेचा अनुभव मोठा, भुसावळपर्यंत जाऊन आलेल्या.

"इहिनबाई, जड थे ब्रेकमधी जाते," त्या म्हणाल्या. ब्रेक म्हणजे गार्डाच्या डब्याला लागून सामानाचा डबा. तिथं सामान तोलून, पावती घेऊन द्यायचं आणि उतरल्यावर पावती दाखवून घ्यायचं. "जड थे ब्रेकमधी, नाजूक थे हाती."

आईनं मान हलवली आणि तिच्या मतानं जे नाजूक ते जवळ घेतलं. लोणच्याची बरणी, शेवंतीची परडी, भाकरीचं फडकं आणि घासलेटानं भरलेला कंदील. ब्रेकसाठी लाकडी पेटी, वळकटी, कुरड्यांचा डबा, वांग्यांची टोपली, संत्र्यांची टोपली. आणि पोत्यात गुंडाळलेला पाटा-वरवंटा. हो, दगडाचा पाटा-वरवंटा. आईच्या मते अकोल्याच्या दगडाला चटणीची चव नव्हती.

बापानं छकड्यातून स्टेशनावर सोडलं, माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि मळ्याला पाणी द्यायचं म्हणून परत फिरला. लगेजच्या खिडकीशी ही गर्दी. लगेजबाबू देशावरचा असावा, बोलणं तुटक आणि स्वच्छ. पहिल्यांदा त्यानं कंदील पाहिला.

"बाई, घासलेट डब्यात चालत नाही. आग लागेल. रिकामा करा."

"सांडून नाई देनार सायेब," आई म्हणाली. "कंट्रोलचं हाय. लायनीत उभी राहून आनलं."

शेवटी सिग्नलच्या दिव्यांत तेल भरणारा माणूस शेजारीच होता, त्याच्या कुपीत आईनं घासलेट ओतलं, आणि ओतताना असं तोंड केलं जणू दुभती म्हैस देऊन टाकली. मग बाबूनं दौतीत टाक बुडवला, मान वर न करता विचारलं,

"दागिने किती?"

आई माझ्याकडं वळली. मी आईकडं पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरचं मला आजही दिसतं. सरकारला कळलं कसं, हे एक, आणि आता खोटं बोलायचं नाही, हे दुसरं. तिनं माझ्या खांद्यावरचा पदर स्वतःच्या हातानं बाजूला केला.

"सांगतो सायेब. बोरमाळ हाय, थे आमची हाय, लग्नातली. एकदाणी हाय, थे पाटलीनबाईची हाय, वापस द्या लागते. पुतळ्याची माळ, थे मास्तरनीबाईची." मग तिनं माझा हात मनगटाशी धरून खिडकीपर्यंत उंच केला. "आन् हे गोट पितळेचे हायेत. पानी चढवेल हाय. हे नका धरू तुमी."

बाबूनं टाक खाली ठेवला. "अहो बाई, मी सामान विचारतोय! दागिने म्हणजे नग! बोचकी, बोचकी किती?"

मागून कोणीतरी ओरडलं, "सायेब, पितळ हाय तरी तोलून घ्या!" आणि सगळी रांग हसली. हमाल हसले, पानाची पिंक टाकायला वाकलेला एकजण वाकल्या वाकल्या हसला. माझा हात अजून वरच होता. आईनं तो सोडलाच नव्हता. मी पदर ओढून घेतला, पण आता झाकून काय उपयोग होता? साऱ्या फलाटाला माझा गळा कोणाकोणाचा आहे ते समजलं होतं.

मी हळूच मागं पाहिलं. मावससासूबाई आमच्या पाठीशी उभ्या होत्या की नव्हत्या? पाहिलं तेव्हा त्या नळाजवळ होत्या, पदरानं तोंड पुसत.

बाबूनं सहा नग लिहिले, पावती फाडून दिली. गाडी आली, आम्ही बायकांच्या डब्यात चढलो. आई खिडकीशी बसली, बरणी मांडीवर. मी तिच्या बाजूला, समोर मावससासूबाई. मला एकच कळायला हवं होतं, यांनी ऐकलं का? ऐकलं असेल तर रात्र पडायच्या आत सासूला समजणार, उद्या जावेला, आणि मग जन्मभर मी मागून आणलेल्या गळ्याची सून.

बडनेरा गेलं. मावससासूबाईंनी पानाची चंची काढली, सुपारी कातरली, आणि सुपारीकडे पाहतच बोलल्या.

"इहिनबाई, हे रेल्वेवाले सामानाच्या डागाले दागिना म्हनतात. मलेबी पयल्या डावाले समजलं नोतं."

आईनं मांडीवरची बरणी सावरली. "तुमी... तुमी तिथीच होत्या?"

"मी पानी प्याले गेल्ती. मी काई आयकलं नाई."

काही ऐकलं नाही, तर दागिन्याचं यांना कळलं कसं? एवढं मलाही समजत होतं, आईलाही समजत होतं. पण त्यांनी सुपारी आईपुढं धरली, आणि आईनं ती घेतली. घेतली आणि हातातच धरून ठेवली. तोंडात टाकायचं तिला सुचलं नाही.

थोड्या वेळानं आई माझ्या मानेमागं हात घालून फासा सोडवू लागली. आधी एकदाणी निघाली, मग पुतळ्या, मग गोट. सगळं तिच्या कनवटीला.

"काहून काढून राहिल्या वो?" मावससासूबाईंनी विचारलं.

"उकडून राह्यलं तिले."

"पुसाच्या महिन्यात?"

"तिले उकडते," आई म्हणाली. डब्यातल्या बाया कांबळी गुंडाळून बसल्या होत्या.

मूर्तिजापूर गेल्यावर मात्र तिच्या अंगात थोडा जीव आला. ती बोटं मोडत पुटपुटू लागली. "दागिने म्हंजे डाग. पेटी, वळकटी, डबा, वांगे, संत्रे, पाटा. सा. दागिने म्हंजे सा." पुन्हा पहिल्यापासून. एकदा फसलेली बाई दुसऱ्यांदा फसायची नाही, असा तिचा निर्धार मला दिसत होता. मला बरं वाटलं. देवा, मला खरंच बरं वाटलं!

अकोल्याला सासूबाई आणि थोरली जाऊ घ्यायला आल्या होत्या. सासरे बाहेर बैल धरून उभे. मी पाया पडले. सासूबाई अंगानं भरलेल्या, आवाज मोकळा, आडपडदा ठेवून बोलणं नाही. जावेनं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. तिच्या गळ्यात खरंच होतं, ऐकलं होतं तेवढं नाही, पण होतं. मग ती आईकडं सरकली आणि अगदी गोडीत विचारलं,

"मावशी, दागिने किती हायेत?"

"सा!" आई म्हणाली. खणखणीत.

जावेचे डोळे मोठे झाले. सासूबाई वळल्या. "सा? मंग दिसून काहून नाई राह्यले?"

"ब्रेकमधी हायेत," आईनं समजावून सांगितलं. "मोठ्ठे हायेत न, अंगावर घेऊन बसू देत नाईत."

"अवो माय! दागिने ब्रेकमधी टाकले? अन् चोरीले गेले तं?"

"कोन चोरते वो? दोघा जनाले उचलत नाई. आन् पावती हाय मायाजवळ."

मी आईचा पदर ओढत होते. ती माझा हात झटकत होती. मावससासूबाई पुढं येऊन काही बोलणार, तेवढ्यात हमाल पोतं डोक्यावर घेऊन वाकत वाकत आला, आणि आईनं अभिमानानं हात केला,

"हा पाहा. आला एक."

धप्पकन पोतं खाली ठेवलं. सासूबाईंनी वाकून चाचपलं. "हा तं पाटा हाय!"

मग जे हसू सुटलं! सासूबाईंनी पदराचा बोळा तोंडात धरला तरी आवरेना, खांदे गदगदत होते. जाऊ तर भिंतीला टेकली. हमालाला काही समजलं नाही, तोही हसला. आई आधी त्यांच्यासोबत थोडी हसली, पाहुणे हसतात म्हणून. मग तिनं एकेकीकडे पाहिलं, मग माझ्या रिकाम्या गळ्याकडे, आणि तिला समजलं की इथं दागिने म्हणजे दागिनेच होते. तिचा हात कनवटीवर गेला आणि तिथंच घट्ट राहिला. तसा चेहरा मी पुन्हा कोणाचा पाहिला नाही, आणि पाहू नये.

सासूबाईंनी डोळे पुसले. "बरं, आन् गळ्यातले किती?" मला विचारलं. थट्टेनंच.

आता काय सांगायचं? आईची कनवटी तिथंच होती. मावससासूबाई समोरच होत्या.

"एकच हाय," मी म्हणाले. "बोरमाळ."

सासरी माझ्या तोंडून निघालेलं ते पहिलं बोलणं.

"एक तं एक," सासूबाई म्हणाल्या. "खाऊन का राहतो आपन सोनं?"

"चाला, बैल खोळंबले," मावससासूबाई म्हणाल्या आणि वांग्यांची टोपली स्वतः उचलली. मागून आणलेल्याची गोष्ट त्यांनी कधी कोणापाशी काढली नाही, हे मी त्यांच्या नावानं सांगून ठेवते. मरेपर्यंत नाही.

पण पाट्याची गोष्ट कशी राहणार? ती तर सगळ्यांसमोर झाली होती. त्याच दिवशी संध्याकाळी चटणी वाटायला घेतली तर जाऊ ओरडली, "सूनबाईचा दागिना आना वो!" तेव्हापासून आमच्या घरात त्या पाट्याचं नावच ते पडलं. पाहुणा आला की त्याला ही गोष्ट, जावई आला की त्याला. सासूबाई आईचा आवाज काढायच्या, "हा पाहा, आला एक!" वाईट मनानं नाही गं. उलट मायेनं सांगायच्या. पण मी चुलीकडे तोंड करून बसायची. नव्या सुनेनं 'हसू नका' म्हणायची रीत नव्हती. आणि म्हटलं असतं तर 'काहून?' असं विचारलं असतं, मग ते मागून आणलेल्याचंही बाहेर आलं असतं.

आई पाच दिवस राहणार होती. दुसऱ्याच दिवशी सकाळी उठून पाहते तर ती अंघोळ करून, परडी काखेत मारून तयार. "शेवंती तोडनीले आली," म्हणाली. परडीभर आणलेली सोडली तर बाकीची आदल्या दिवशीपर्यंत तोडणीला आलेली नव्हती. सासूबाईंनी किती आग्रह केला! जेवायलासुद्धा थांबली नाही.

त्यानंतर माझी आई अकोल्याला माझ्या घरी आली नाही. संत्री आली, वांगी आली, कोणी ओळखीचं येणार असलं की त्याच्या हाती मिरच्यांची पुरचुंडी आली. ती नाही आली. मी माहेरी गेले की विचारायची, "माय, काहून येत नाई वो?"

"येईन न. भरल्या हातानं येईन एकडाव."

"तुले कोन काय मांगून राह्यलं? रिकामी ये न."

"रिकामी एकडाव आल्ती," ती म्हणाली आणि फुलं मोजायला लागली.

तुझ्या बापाच्या वेळी मी बाळंतीण होते. एक टांगेवाला दारात आला आणि डिंकाच्या लाडवांचा डबा देऊन म्हणाला, "ठेसनावर एक बुढी हाय, तिनं देल्ला. पोट्टं हाय का पोट्टी, थे इचारून ये म्हने." मी खोलीतून ओरडले, तिला घेऊन ये, हात जोडते तुला! सासूबाई बसल्या जागेवरून उठल्या, पायात काही न घालता त्याच टांग्यात बसल्या आणि स्टेशनावर गेल्या. परत आल्या त्या एकट्याच. गाडी निघून गेली होती.

खाटेच्या कडेला बसल्या. बराच वेळ डब्याच्या झाकणाशी चाळा करत राहिल्या. मग म्हणाल्या, "पोरी, आमी हासलो आन् इसरून गेलो. थे नाई इसरली वो."

त्या दिवसानंतर त्यांनी ती गोष्ट कधी सांगितली नाही, आणि जावेनं पाट्याला त्या नावानं हाक मारली तर तिच्याकडे अशा पाहायच्या की ती गप्प व्हायची. पण आता त्याचा काय उपयोग होता? जिला ते समजायला हवं होतं, ती चांदुराला. मी माहेरी जाऊन सांगितलं, माय, आता कोणी हसत नाही. ती म्हणाली, "मंग आता मी आली की त्याइले आठवन येईन."

हे घे उत्तर. यावर तू एवढी शिकलेली, तुला तरी काही सुचतं का बघ.

तिचा नातू ती माहेरीच पाहायची. मी गाडीनं जायची तेव्हा चांदुरच्या फलाटावर ती आधीपासून उभी. निघताना फलाटावर सोडायला यायची, खिडकीची सळई धरून गाडीबरोबर चार पावलं चालायची. तोंडानं म्हणायची, "पुढच्या डावाले मीच येतो." मी म्हणायची, ये. दोघींनाही माहीत असायचं. तिचा हात भरला नाही, आणि माझ्या दाराची पायरी तिनं पुन्हा चढली नाही.

म्हणून तुला म्हणते बाई, तिकडे जाशील आणि तुलाही कधी वाटेल, आता काय तोंडानं जाऊ, जरा काही हाती येऊ दे, मग आजीकडे जाईन. तसं मनात आलं ना, की त्याच दिवशी निघ. काही आणू नकोस, कोणासाठी काही घेतलं नाही म्हणून लाजू नकोस. कोणी हसलं तर हसू दे, मी आहे त्यांच्याकडे पाहायला. तुरीच्या शेंगा भरतात तेव्हा ये, उकडून ठेवीन, बसून खाऊ दोघी. फार दिवस लावू नकोस. लवकर ये.